‘उ’ची डबी

आमच्या मोटारसायकलला इंजिन आहे, असं मानायची घरात पद्धत होती. पुरावा एवढाच, की किक मारली की टाकीखालून कोणीतरी म्हातारं खोकायचं. गाडी बायकोची. छोटी, दोन सिलिंडरची, दोन कार्ब्युरेटरची, आणि दोघांचं एकमेकांशी कधी न पटलेलं. त्यामुळे ती आमच्या घरात परकी अशी वाटली नाही. बायको टपाल वाटते. डोंगरावरच्या वस्त्यांची फेरी वीस वर्षं तिच्याकडे आहे. सपाटीवर गाडी बरी पळायची, पण चढ लागला की तिला मागचा जन्म आठवायचा. एकदा एक गोगलगाय तिला ओलांडून गेली आणि जाताना वळून बघून गेली, असं मी चारचौघांत सांगायला लागलो की बायको मला अडवते. म्हणते, वळून बघितलं नव्हतं.

तर एका गुरुवारी ती घरी आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि बूट न काढताच बसली.

“पोस्टमास्तर म्हणतात, फेरीला फार वेळ लागतो. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, सकाळी आठला, पिशव्या लादून खालच्या नाक्यापासून वरच्या दुकानापर्यंत वीस मिनिटांत चढून दाखवा. नाहीतर फेरी भाच्याला.”

“कोणाच्या भाच्याला?”

“त्यांच्याच. माझ्या भाच्याला कोण विचारतंय.”

“आणि तुला?”

“काउंटर. काचेमागे. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, तोवर बसा म्हणे सावलीत.”

आता, सावलीत बसणं ही शिक्षा वाटणारी माणसं जगात थोडी. त्यातली एक मी लग्न करून घरी आणलेली. तिला रस्ता लागतो. वरच्या वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना पत्र ती वाचून दाखवते, उरलेल्या निम्म्यांना पत्र आलेलं नसताना दोन ओळी पदरच्या सांगते. भाच्याला तर पाकिटावरचा पत्ताही दोनदा वाचावा लागतो.

“सध्या किती लागतात?” मी विचारलं.

“चौतीस. वारा मागून असेल तर तेहतीस.” ती उठली. “उद्या गाडी मिस्त्रीकडे टाकते.”

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. मी म्हणालो, “मिस्त्री कशाला? घरी करू.”

मिस्त्री आमच्या कोपऱ्यावरचा. त्याला सगळे ‘बघू’ म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला तो तेवढंच उत्तर देतो. त्याच्या अंगणात एक गाडी इतकी वर्षं उभी आहे की तिच्या चाकातून झाड वर आलंय आणि आता गाडी हलवायची तर आधी झाडाची समजूत काढावी लागेल. पण माझा राग त्यासाठी नव्हता. दहा वर्षांपूर्वी एका माणसाची गाडी रस्त्यात बंद पडली होती. ती का बंद पडली, हे मी त्याला दोन तास समजावून सांगत होतो. लोक जमले होते, रंग भरला होता. तेवढ्यात हा आला, खाली वाकला, पेट्रोलचा कॉक उघडला आणि निघून गेला. बोलला नाही काही. बोलला असता तर मी माफ केलं असतं.

“तुम्हाला इंजिन येतं?” बायकोने विचारलं.

“चाळीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढली. इंजिन म्हणजे काय, रागावलेला पंप.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि भावाला फोन लावला.

मेव्हणा घड्याळजी. बायकोपेक्षा मोठा, म्हणून मीही त्याला दादाच म्हणतो. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्याला दुसऱ्या डोळ्याने जग दिसतं, पण ते त्याला फार ढोबळ वाटतं. तो शनिवारी आला तो दोन गोष्टी घेऊन. एक, शंभरेक पत्र्याच्या डब्या, अंगठ्याएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. दोन, एका मोठ्या गाडीचे कार्ब्युरेटर, जोडी. घड्याळाच्या दुकानात कार्ब्युरेटर कसे आले, असं मी विचारलं.

“दुरुस्तीला आले होते.”

“मग?”

“बारा वर्षं झाली. न्यायला कोणी आलं नाही.”

आपल्या जुन्या कार्बचं तोंड अठरा मिलिमीटरचं, यांचं बावीस. तोंड मोठं म्हणजे घास मोठा, घास मोठा म्हणजे ताकद जास्त, असा हिशेब मी बायकोला समजावला. तिने विचारलं, “चार मिलिमीटरने असं काय मोठं होतंय?”

“घड्याळात चार मिलिमीटर म्हणजे मैदान,” मेव्हणा म्हणाला.

आम्ही स्वयंपाकघरातलं टेबल घेतलं, कारण घरात तेवढंच एक टेबल होतं. वर्तमानपत्रं पसरली आणि इंजिन उघडलं. आतून किती काजळी निघाली ते सांगितलं तर तुम्ही मला खोटं पाडाल, म्हणून कमीच सांगतो: शेजारच्या इस्त्रीवाल्याने तिच्यावर तीन दिवस इस्त्र्या तापवल्या. पिस्टनच्या रिंगा इतक्या झिजल्या होत्या, की सिलिंडरमध्ये त्या केवळ ओळखीवर टिकून होत्या. उजव्या सिलिंडरला आतून खोल चरा गेलेला. लेथवाल्याने दोन्ही सिलिंडर कातून दिले, उजवा एक माप जास्त. त्यामुळे उजव्याचा नवा पिस्टनही डाव्यापेक्षा केसभर मोठा. आमच्या घराण्यात डावं-उजवं कोणी कधी केलं नव्हतं. सुरुवात लेथवाल्याने केली.

मेव्हणा प्रत्येक भाग धुवायचा, भिंगातून बघायचा, डबीत ठेवायचा आणि काही डब्यांवर, कधी भागावरही, खिळ्याने एकेक अक्षर कोरायचा. ते अक्षर कशाचं, हे मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं सांगणं, आणि ती सवय मी स्वतःला कधी लावून घेतली नव्हती.

बुधवारी बेअरिंगं बसवायची होती. याची रीत अशी, की इंजिनची ॲल्युमिनियमची पेटी तापवायची म्हणजे ती फुगते, बेअरिंग थंड करायचं म्हणजे ते आकसतं, आणि मग ते आपसूक आत जाऊन बसतं. पेटी ओव्हनमध्ये ठेवली, बेअरिंगं फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीत. रीत अचूक होती. फक्त ओव्हनमध्ये बायकोने आधीच केक ठेवलेला होता. तिच्या ऑफिसात कोणाचातरी निरोप समारंभ होता.

“ज्याला निरोप द्यायचाय तो तसाही जातोयच,” मी म्हणालो.

केकला इंजिन ऑइलचा वास लागला तो कोणामुळे, यावरून माझं आणि मेव्हण्याचं वाजलं. ओव्हन मी लावला होता, पण पेटी नीट धुतली नव्हती त्याने. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांशी बोलत नव्हतो. स्क्रू ड्रायव्हर हवा असेल तर भिंतीला सांगायचो, “कोणाकडे असेल तर द्यावा.” बेअरिंगं मात्र बसली. टप्पकन. इतकी सुंदर बसली की आम्ही दोघांनी चुकून एकमेकांकडे बघितलं.

शुक्रवारी पिस्टन चढवायची पाळी आली. बायको उसन्या सायकलवर फेरीला गेलेली. मेव्हणा खिडकीपाशी उजेडात डावा कार्ब जुळवत बसला होता, म्हणून पिस्टन मी घेतले. नवे, चकचकीत, डोक्यावर बाण कोरलेला. बाण धुराड्याच्या बाजूला ठेवायचा असतो. डावा बसवला. उजवा हातात घेतला तर आतल्या बाजूला कोरलेलं: उ.

मी क्षणभर थांबलो आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक पिस्टन वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. म्हणजे एक सुलटा चालतो, एक उलटा. मग एक सुलटा बसवायचा आणि एक उलटा बसवायचा, हे ओघानेच आलं. मेव्हण्याने भिंगातून बघून ठरवलेलं दिसत होतं. माणूस ढोबळ नाही, मी मनात कौतुकच केलं, आणि बाण मागे करून पिस्टन चढवला. वर सिलिंडर घातला. किकचा दांडा हाताने हळूच फिरवला.

कट्.

मेव्हण्याने मान वर केली. चाळीस वर्षं टिकटिक ऐकलेला कान. त्याला कट् म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

“भावजी, बाण कुठे होता?”

“मागे.”

“का?”

“तुम्हीच लिहिलंत. उ.”

“उ म्हणजे उजवा.”

“उ म्हणजे उलटा.”

“उलटा पिस्टन कोण बसवतं?”

“ज्याला तसं लिहून दिलं जातं तो.”

“आणि डाव्यावर काय लिहिलं होतं?”

“काही नाही.”

“म्हणजे तो डावा. जोडी असली की एकावर लिहायचं, दुसरं आपोआप कळतं. माझ्या दुकानात डब्या नखाएवढ्या असायच्या. एक अक्षर मावायचं. त्यात चाळीस वर्षं गेली, एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उलटं चाललं नाही.”

“अहो दादा, उजवा आणि उलटा यांत फरक करायला दुसरं अक्षर लागतं.”

“उजवा आणि उलटा यांत फरक करायला अक्कल लागते.”

सिलिंडर काढला. रिंगेचं टोक सिलिंडरच्या आतल्या खिडकीत, म्हणजे धूर जायच्या भोकात, अडकून तुटलं होतं. मेव्हण्याने खिशातून एक पुडी काढली. आत नव्या रिंगांचा जास्तीचा जोड होता.

“हा कधी आणलात?”

“गाडी तुम्ही उघडणार असं कळलं त्याच दिवशी.”

बायको यायच्या आत दुसऱ्यांदा बांधून झालं. तिने विचारलं, “काय झालं आज?” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, “काय व्हायचंय.” ठरलं मात्र पक्कं: आजपासून या घरात उ म्हणजे उजवा. ठरवताना बायकोला सांगायचं तेवढं राहिलं.

शनिवारी सकाळी इंजिन गाडीच्या पोटात गेलं. डावा कार्ब लावला. मोठं तोंड सिलिंडरच्या नळीला बसत नव्हतं, तिथे मी पंपाच्या होजचा रबरी तुकडा कापून जोडला. या सगळ्या कामात कोणालाही नावं ठेवता न आलेली तेवढीच एक गोष्ट. मग उजवा कार्ब. मेव्हण्याने त्याची नुसती मोकळी पेटी हातात घेतली आणि म्हणाला, “आतलं सामान द्या. जेट, सुई, फ्लोटची पिन. निळी डबी.”

निळी डबी नव्हती.

टेबलाखाली नव्हती, ओव्हनमध्ये नव्हती, मटारांत नव्हती. मेव्हणा म्हणाला मी हरवली. मी म्हणालो ती कधी होती याला पुरावा काय. आवाज ऐकून बायको दारात आली. हातात गाडीचं फडकं होतं. सोमवारसाठी ती दिवे पुसत होती.

“निळी? वर उ लिहिलेली?”

“तीच,” मेव्हणा म्हणाला. “कुठे आहे?”

“ती मी बुधवारी मिस्त्रीला दिली.”

बाहेर कोणाच्यातरी नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज चढत गेला.

“मिस्त्रीला,” मी म्हणालो.

“दारावरून जात होता. म्हणाला, जुने स्क्रू-बिक्रू असतील तर द्या वहिनी. मी म्हटलं, ही खिडकीत पडलीये उरलेल्याची डबी, न्या.”

“उरलेल्याची?”

तिने आम्हाला शेल्फापाशी नेलं. तिच्या डब्या ओळीने उभ्या होत्या. ब, बटणं. सु, सुया. आणि एक मोठी, उ. आत मेणबत्त्यांचे बुडखे, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, एका चपलेचा अंगठा. “सत्तावीस वर्षं या घरात उ म्हणजे उरलेलं,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नाही?”

“विचारलं असतंस आम्हाला.”

“बुधवारी? तुम्ही भिंतीशी बोलत होतात.”

“जुना कार्ब परत लावू,” मी म्हणालो.

“कुठला जुना?” मेव्हणा म्हणाला. “उजवा तुम्ही करवतीने मधोमध कापलात. हवा कुठून जाते ते मला दाखवायला.”

“मग नवं सामान मागवू.”

“टपालाने येतं. तीन आठवडे लागतात.” टपालाला तीन आठवडे का लागतात, हे बायकोला विचारायची माझी छाती झाली नाही.

ती खुर्चीवर बसली. हातातलं फडकं तिने घडी करून गुडघ्यावर ठेवलं, मग पुन्हा उलगडलं. “म्हणजे सोमवारी जायचं नाही,” असं म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सत्तावीस वर्षांत तिची एवढी लांब ओळ टोमण्याशिवाय मी पहिल्यांदा ऐकली, आणि सांगतो, टोमणा खूप बरा. टोमण्याला उत्तर देता येतं.

रविवारी सकाळी मी आणि मेव्हणा मिस्त्रीच्या अंगणात उभे होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, असं म्हणतात. मी हातात भांडंच नेलं नव्हतं.

बाकावर चार गिऱ्हाइकं बसलेली. मिस्त्री एका चाकात हात घालून होता.

“काय पंपसाहेब, वाट चुकलात?”

“फिरायला निघालो होतो.”

“दहा वर्षांत पहिल्यांदा?”

“डॉक्टरांनी सांगितलंय चालायला.”

“आणि घड्याळवाल्यांना?”

“मी यांच्या सोबतीला,” मेव्हणा म्हणाला. “एकटे फिरले तर बोलत कोणाशी जाणार?”

पाच मिनिटं हवापाणी झालं. झाडाची चौकशी झाली. मिस्त्री म्हणाला, यंदा गाडीला चांगली फळं धरलीत. शेवटी मेव्हण्यालाच राहवलं नाही. “ती निळी डबी.”

“वहिनींनी दिली ती? ओतली की पिंपात.” त्याने कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. कमरेएवढं उंच, जेट, स्क्रू, वायसर, पिना यांनी काठोकाठ. वीस वर्षांतल्या सगळ्या गाड्यांचं जे जे त्याच्याकडून परत बसलं नव्हतं, ते ते त्यात होतं. “शोधू या. मीही लागतो हाताला. फक्त एक म्हणायचं.”

“काय?”

“‘मला येत नाही.’”

बाकावरची चार माणसं सरळ बसली.

आता हे तीन शब्द मी सहासष्ट वर्षांत उच्चारले नव्हते. एकदा कारखान्यात सर्वांत मोठ्या पंपाच्या नळात मी कमरेपर्यंत अडकलो होतो. बाहेरून आठ माणसं पाय ओढत होती, तेव्हासुद्धा कसं ओढायचं हे मी आतून सांगत होतो.

“मला वेळ नाही, असं म्हटलं तर?” मी विचारलं.

“नको.”

“त्यात ‘सध्या’ घालू? सध्या येत नाही.”

“मूळ वाक्यच बरंय.”

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो झाडाकडे बघत होता. मला ते गुडघ्यावरचं फडकं दिसत होतं, घडी होणारं आणि उलगडणारं.

“मला येत नाही,” मी म्हणालो.

“काय? कॉम्प्रेसर चालू होता.”

कॉम्प्रेसर चालू नव्हता. त्याला तर पट्टाही नव्हता. मी पुन्हा म्हणालो, या खेपेला बाकावरच्या चौथ्या, जरा बहिऱ्या माणसालाही कळेल असं. त्याने शेजाऱ्याला विचारलं, काय येत नाही म्हणतात? शेजारी म्हणाला, यादी मोठी दिसतेय.

पिंप ताडपत्रीवर ओतलं. तीन तास आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून पितळ वेचत होतो. मेव्हणा भिंग लावून प्रत्येक जेटवरचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या इवल्या तोटीवरचा, आकडा वाचायचा. आम्हाला हवा होता पंच्याण्णव. नव्वद सापडले, शंभर सापडले, एका जेटवर आकड्याऐवजी कोणाचीतरी आद्याक्षरं सापडली. स्क्रूंचा वेगळा ढीग झाला, वायसरांचा वेगळा, पिनांचा वेगळा. ऊन पाठीवर आलं. मिस्त्रीने कंबर सरळ केली, ढिगांकडे समाधानाने बघितलं, शर्टाच्या खिशात हात घातला आणि निळी डबी काढून मेव्हण्याच्या तळहातावर ठेवली. बंद. उ सकट.

“ही तुमच्या खिशात होती?”

“बुधवारपासून. घरी जाऊन उघडली तर आत नवं जेट. नवं जेट कोण टाकतं? वहिनींची सोमवारची परीक्षा सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हटलं, येतील आज ना उद्या.”

“मग पिंप कशाला ओतवलंत?”

“बरेच दिवस आवरायचं होतं.”

मी त्याला काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानेही ते ऐकलं नाही, कारण तो आमच्या पुढे चालत आमच्या घराकडे निघालासुद्धा होता. बोलावलं कोणी नव्हतं. दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात गाडीभोवती तीन म्हातारे उकिडवे बसले, आणि बायको उंबऱ्यावर उभी राहून बघत राहिली.

उजवा कार्ब भरला, लावला. आता मूठ पिळली की दोन्ही कार्बमधले पडदे एकाच वेळी उचलायला हवेत; एक आधी आणि एक मागून उठला तर गाडी बैलगाडीसारखी चालते. मी डाव्याच्या तोंडात बोट घातलं, मेव्हण्याने उजव्याच्या. बायकोने मूठ हळूहळू पिळली.

“उचललं,” मी म्हणालो.

“अजून नाही,” मेव्हणा म्हणाला.

“मग तुमचं ढिलं आहे.”

“तुमचं घाईचं आहे.”

“केबलचं नट पाव फेरी,” मिस्त्री म्हणाला. “कोणाचं?”

“यांचं,” आम्ही दोघं म्हणालो.

“बघू,” असं म्हणून त्याने दोन्ही थोडी थोडी फिरवली. मग दोन्ही बोटांना एकदमच कळलं. बायकोने किक मारली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला धूर, इतका की समोरच्या घरातल्या बाईने वाळत घातलेले कपडे काढले, आणि त्यातले पांढरे पुन्हा कधी तिच्या घरी दिसले नाहीत. तिसऱ्या किकला गाडी बोलली. खोकली नाही. एका दमात, दोन्ही बाजूंनी, भांडण मिटलेल्या घरासारखी बोलली. बायकोने मूठ सोडली, पुन्हा पिळली, आवाज ऐकला. फडकं घेतलं आणि मडगार्ड पुसायला लागली, आणि पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

सोमवारी आठला पोस्टमास्तर हातात घड्याळ घेऊन पायरीवर उभे राहिले. मेव्हण्याने ते बघून घेतलं आणि दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातं असं सांगितलं; पोस्टमास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. पिशव्या लादल्या. भाचा नव्या स्कूटरला टेकून उभा होता. बायकोने हेल्मेटचा पट्टा ओढला, आमच्याकडे बघितलंही नाही आणि निघाली. नाक्यापर्यंत दिसली, पुढे नुसता आवाज. आवाज वळणं घेत वर चढत गेला. तिसऱ्या वळणावर तो एकाएकी तुटला.

“थांबली,” भाचा म्हणाला.

मी म्हणालो, “श्वास घेत असेल.” माझा स्वतःचा कुठे होता, मला माहीत नाही. मेव्हणा डोळे मिटून ओठांनी सेकंद मोजत होता. मिस्त्री नखातलं ग्रीस काढत होता आणि तेच नख तो बराच वेळ काढत होता. मेव्हण्याच्या ओठांवर पन्नास झाले, साठ झाले, सत्तर झाले, आणि वरून पुन्हा आवाज फुटला, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. मग तो डोंगरामागे गेला. ऐकायला काही उरलं नाही.

आतला फोन वाजला. पोस्टमास्तर धावले नाहीत, पण चाललेही नाहीत. आम्ही तिघं त्यांच्या मागोमाग टेबलापर्यंत.

“हां बाई. वरच्या दुकानातून? बोला.” त्यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. “एकोणीस मिनिटं,” ते आम्हाला म्हणाले, जणू आम्ही लाच दिली होती. मग जरा मवाळ होऊन विचारलं, “इंजिन बांधलं कोणी?”

“मी,” मी म्हणालो.

“मी,” मेव्हणा म्हणाला.

“मी,” मिस्त्री म्हणाला.

“बाई, इथे तीन जण ‘मी’ म्हणतायत.” पोस्टमास्तरांनी पलीकडचं ऐकलं, रिसीव्हर हाताने झाकला. “त्या विचारतायत, तिसऱ्या वळणावर प्लगची टोपी निघाली होती, ती त्यांनीच उतरून बसवली. ती टोपी आधी कोणी लावली होती?”

मी मेव्हण्याकडे बोट दाखवलं, मेव्हण्याने मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीने माझ्याकडे.

पोस्टमास्तरांनी आमच्या बोटांकडे बघितलं, फोनमध्ये सांगितलं, “काही कळत नाही,” आणि दुसऱ्या हाताने फेऱ्यांचा तक्ता पुढे ओढला. डोंगराच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं भाच्याचं नाव खोडलं आणि बाईंचं नाव शाईने लिहिलं.

फोनमधला आवाज एवढा मोठा होता, की तो आम्हालाही ऐकू आला. “फेरी माझी ना?”

“तुमचीच, बाई.”

“मग ठेवते. इथे पत्रं वाटायचीत.”